काठीच्या माथ्यावरचं सामान

पहाटे पावणेसहा

शिडाच्या बोटीच्या डोलकाठीवर चढायचं ते उजाडता उजाडता. मालीम जेटीवरच्या ट्रॉलरांची बाहेर पडायची लगबग तोवर ओसरलेली असते, बेतीच्या फेरीबोटींची वर्दळ वाढायची असते आणि कॅसिनोंकडे माणसं पोहोचवणाऱ्या लाँचीही थंडावलेल्या असतात. मांडवीचं पाणी दिवसभरात इतकं स्थिर पुन्हा मिळत नाही. बोट दहा अंश डोलली तर डेकवरचा माणूस फार तर चहाचा कप सांभाळतो. सोळा मीटरवरचं टोक मात्र पावणेतीन मीटर एका अंगाला जातं आणि तितकंच दुसऱ्या अंगाला. त्या टोकाशी लटकून स्क्रू फिरवायचा असतो.

आज नदीत नांगरलेल्या एका शिडाच्या बोटीवर वाऱ्याचा सेन्सर बंद पडलाय. बोसनच्या खुर्चीत बसतो आणि दोन वेगळ्या दोरांनी वर जातो. एक ओढायचा, दुसरा फक्त जीव सांभाळायचा. शीड चढवायच्या दोराच्या टोकाला झटकन उघडणारी कडी असते. तिच्यावर शीड टांगावं, माणूस नाही. दोर खुर्चीच्या कड्यांतून ओवून बोलाइनची गाठ मारायची, मग शेपटाला आणखी एक. पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना दोरी. सोळा मीटरवरून निसटलेला पाना डेकवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर गेलेला असतो. त्यामुळे मी वर असेपर्यंत काठीच्या बुंध्याशी कुणी थांबत नाही. विंचवर भाचा आहे, तोही मागे कॉकपिटात.

वर पोहोचल्यावर दिसलं की सेन्सरचा काही दोष नाही. ज्याने तो बसवला त्याने ॲल्युमिनियमच्या काठीत स्टीलचे स्क्रू कोरडेच पिळून घातलेत. चारही स्क्रूंभोवती पांढरी भुकटी साचलीय. एक केव्हाच तुटून गेलाय, आणि सैल झालेल्या दांड्याने हलून हलून तारेचं कवच खाल्लंय. उरलेले तीन स्क्रू मात्र जणू ओतून बसवल्यासारखे घट्ट.

"मामा, जमला काय?" खालून हाक.

"नाय रे. पकडलेलो आसा."

फोटो काढले, मापं घेतली, तुटलेल्या तारेवर टेप गुंडाळली आणि उतरलो. हे स्क्रू ड्रिल मारूनच काढावे लागणार, आणि त्याची तयारी करून परत यावं लागेल.

सव्वासात

बेतीला पातळ भाजी, पाव, चहा. भाच्याला या कामात येऊन फार दिवस झाले नाहीत. त्याने विचारलं की स्टील गंजत नाही, ॲल्युमिनियमही गंजत नाही, मग दोघं मिळून असं का होतं? प्रश्न बरोबर आहे, आणि आमच्या धंद्यातला निम्मा त्रास त्याच्या उत्तरात आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये खारं पाणी आलं की छोटी बॅटरी तयार होते. तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं, स्टील शाबूत राहतं. झिजलेल्या ॲल्युमिनियमची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. आट्यांमध्ये तिला जागाच नसते, म्हणून ती स्क्रू आवळून धरते. पावसाळाभर शिंतोडे आणि नंतर आठ महिने खारा वारा, एवढं पुरतं.

बसवणारा माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. काठी जमिनीवर आडवी असताना त्याने दोन्ही हातांनी, सावलीत, खुर्चीवर बसून काम केलं असेल आणि ते घट्टही झालं. पण पुढच्या खेपेला तिथे जो जाईल त्याचा एक हात काठीला मिठी मारून असणार आणि कामाला एकच हात मोकळा असणार, हा विचार त्यात नव्हता. मी हाताखालच्या पोरांना हेच पुन्हा पुन्हा सांगतो: वर बसवलेली प्रत्येक वस्तू वादळात टिकली पाहिजे, आणि लटकत्या माणसाला एका हाताने काढताही आली पाहिजे.

आठ

यार्डात डॉक्टरांची काठी घोड्यांवर आडवी आहे. डॉक्टर पुण्याचे, निवृत्त. बोट अकरा मीटरची, कालच पाण्यात उतरून जेटीला लागलीय. काठी पंधरा मीटर. कोजागरी होऊन पाच दिवस झालेत, भरती साडेतीनच्या सुमाराला. तेव्हा बोटीचं डेक जेटीच्या पातळीला येईल आणि हायड्रा क्रेन काठी उभी करेल. त्याआधी सगळं झालेलं हवं.

सुरुवात धुण्यापासून. गोड्या पाण्याने धुतली की काठी बोलू लागते. जुनी भोकं, केसासारख्या भेगा, काठीच्या तारांना बाहेर रेटणाऱ्या आडव्या दांड्यांच्या, म्हणजे स्प्रेडरच्या, मुळाशी आलेले फोड दिसतात. नवं भोक कुठे पाडायचं नाही हे आधी ठरवतो. स्प्रेडरच्या मुळाजवळ नाही, काठी ताणून धरणाऱ्या तारा जिथे बांधल्या जातात तिथे नाही, आणि काठीच्या घेराभोवती एका ओळीत तर कधीच नाही. एका रेषेत भोकं पडली की काठी तिथूनच मोडायला बघते. भोकं वरखाली पाडायची आणि प्रत्येकाची कड घासून गोल करायची.

डॉक्टर आले. त्यांच्या हातात यादी. "वर कॅमेरा बसवता येईल का? आणि रडार?"

"बसेल, डॉक्टर. पण आधी वजन बघू."

माथ्यावरच्या एक किलोचा हिशेब वेगळा असतो. पाण्यापासून सोळा मीटरवर ठेवलेलं एक किलो तोलायला पाण्याखाली पावणेदोन मीटरवर सुमारे नऊ किलो शिसं लागतं. शिवाय लाटांवर माथ्याला सतत हिसके बसतात. वीस अंश इकडे, वीस अंश तिकडे, चार सेकंदांत एक फेरी, एवढ्या डोलण्यातही वरच्या वस्तूला तिच्या वजनाच्या जवळजवळ दीडपट आडवा झटका बसतो, तोही मिनिटाला तीस वेळा. जमिनीवर हाताने हलवून पाहिलेली मजबुती तिथे फसते. रडारचा घुमट सहा-सात किलोंचा. तो काठीच्या मध्यावर लावण्याऐवजी मागे स्वतंत्र खांबावर, तीन मीटरवर घ्यावा असं मी सुचवलं. पल्ला थोडा कमी होईल, पण पुढचं शीड दर पालटीला त्याच्यावर घासणार नाही. डॉक्टरांना पटलं. कॅमेरा त्यांनीच खोडला.

साडेनऊ

दिवसातलं सगळ्यात मन लावून करायचं काम हे. माथ्यावर काय काय जायचंय? रेडिओची अँटेना, वाऱ्याचा सेन्सर, वाऱ्याची दिशा डोळ्यांनी दाखवणारा साधा बाण आणि दिवा. हे सगळं थेट काठीत स्क्रूने ठोकायचं नाही. पाच मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी कापून घेतलीय, ती माथ्यावर कायमची बसेल. तिच्यावर उपकरणं, ती काढता-घालता येण्यासारखी.

पट्टीला मोनेलचे रिवेट. मोनेल म्हणजे निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू. ॲल्युमिनियमच्या रिवेटपेक्षा पुष्कळ ताकदीचा, आणि नीट लावला तर काठीत वर्षानुवर्षं टिकतो. तोही वेगळाच धातू, म्हणून भोकात आणि पट्टीखाली मलम हवंच. बाजारात पिवळसर ड्युरालॅक मिळतं, पांढरं टेफ-जेल मिळतं. ड्युरालॅकमध्ये क्रोमेट असतं, हातमोजे घालूनच हाताळायचं. पट्टी आणि काठी यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकचा थर.

उपकरणांसाठी पट्टीच्या खालच्या अंगाला नट आधीच खिळवून टाकले. वर चढलेल्या माणसाला खालून नट धरावा लागला की दोन हात हवेत. नट पट्टीलाच असला की एका हाताने, एका पान्याने काम होतं. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली मलम आणि नायलॉनची वॉशर, आट्यांना निळं लॉकटाइट. लाल नाही. लाल लावलं की तापवल्याशिवाय निघत नाही, आणि सोळा मीटरवर ब्लोटॉर्च कोण पेटवणार? सेन्सरला आणि अँटेनाला बारीक दोरी, कडीला बांधून. पकड सुटलीच तर वस्तू डोक्यावर येण्याऐवजी लोंबकळत राहील.

इंजिनावर चालताना लावायचा पांढरा दिवा काठीच्या पुढच्या अंगाला, दोन-तृतीयांश उंचीवर. तिथे काठीची भिंत साडेतीन मिलिमीटर. सहाच्या स्क्रूला आटे एक मिलिमीटर अंतराने, म्हणजे साडेतीनच आटे पकडतात. पाचच्या स्क्रूला पॉइंट आठ अंतर, चारांहून जास्त आटे मिळतात. पातळ भिंतीत पाचचाच स्क्रू घ्यावा, चार घ्यावेत. भाच्याने पंच मारला, चार पॉइंट दोनचं भोक पाडलं आणि टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवला. या कामात पोराचा हात बसतोय. कीस काठीत पडू नये म्हणून आत चिंधी ओढून ठेवली होती. दिव्याभोवती स्टीलच्या सळईचं कुंपण, नाहीतर शिडाची कड आणि दोर त्याला अडकून उपटून काढतात.

सीलंट लावताना एक पथ्य: व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन विजेच्या जोडाजवळ आणायचं नाही. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं.

साडेअकरा

आता दिव्यांच्या आणि रेडिओच्या तारा. काठीत आधीची एक तार सैल सोडलेली होती. रात्री नांगरावर तशी तार आतून ठक ठक वाजत राहते, आणि वाजते तिथे घासतेही. नव्या सगळ्या तारा काठीतल्या नळीतून नेल्या. नळी जिथे संपते तिथे तारेला काठीवर पकड दिली, म्हणजे तिचं सगळं वजन वरच्या जोडावर येत नाही. बाहेर येणाऱ्या भोकाला रबरी कडं. तार भोकात खालून वर शिरेल असा वळसा, म्हणजे पाणी तिच्या अंगावरून आत न जाता वळशाच्या तळाशी टपकतं. बांधणीचे पट्टे काळे. पांढरे उन्हात कुजतात आणि हात लावला की तुटतात.

रेडिओच्या तारेवर डॉक्टर अडले. "एवढी जाड कशाला? वजनाचं तुम्हीच सांगत होतात."

बरोबर प्रश्न. माथ्यापासून रेडिओपर्यंत तार बावीस मीटर. पातळ आरजी-५८ घेतली तर रेडिओने सोडलेल्या २५ वॅटपैकी अँटेनापर्यंत जेमतेम नऊ पोहोचतात. बाकीचे वाटेतच तारेत जिरतात. जाड आरजी-२१३ मधून सोळा पोहोचतात. तिचं वजन काठीत दोन किलोंहून जास्त, हे खरं. पण ते माथ्यावर एकवटलेलं नाही, सगळ्या लांबीवर पसरलंय. ही बोट लक्षद्वीपला जायची आहे, खाडीत फिरायची नाही. तिथे मी जाडच तार टाकेन.

तारेच्या टोकाचा जोड हा या सगळ्यातला सर्वात नाजूक भाग. पाणी एकदा आत गेलं की जाळीतून ते कित्येक मीटर शोषलं जातं आणि मग सगळी तार बदलावी लागते. आपोआप एकजीव होणारी रबरी टेप दुप्पट ताणून, खालून वर गुंडाळायची, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात. तिच्यावर ऊन झेलायला साधी काळी टेप.

एक

मासळीची कढी, उकडा भात. पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा तास आडवं.

दोन

काठी आडवी आहे तोवर प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायची. उभी झाल्यावर हीच तपासणी करायला खुर्ची, दोन दोर आणि आणखी एक माणूस लागतो.

दिवे आधी. वीस मीटरपेक्षा लहान शिडाच्या बोटीला १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी सवलत दिलीय: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा हे तिन्ही एकाच दिव्यात, काठीच्या माथ्यावर. लाल आणि हिरव्याला प्रत्येकी ११२.५ अंश, मागच्याला १३५. हे कोन दिव्यात आखलेले असतात, पण दिवा तिरका बसला तर सगळंच फिरतं आणि समोरच्या जहाजाला तुमची बोट भलत्याच दिशेला चाललेली दिसते. काठीच्या मागच्या अंगाला शिडाची खाच असते. तिच्यावर सुतळी ताणून माथ्यापर्यंत नेली आणि दिव्यावरची मध्यरेषा तिच्याशी जुळवली.

हा दिवा फक्त शिडावर असताना लावायचा. इंजिन सुरू झालं की नियमाने ती यांत्रिक बोट ठरते. मग पुढचा पांढरा दिवा हवा, आणि तो बाजूच्या दिव्यांच्या वर असायला हवा. माथ्यावरचा तिरंगी दिवा चालू राहिला तर पांढरा खाली आणि रंग वर, असं उलटं चित्र दिसतं. डॉक्टरांच्या बोटीला एकच फिरता स्विच बसवलाय: शीड, इंजिन, नांगर. दोन गोष्टी एकत्र लागूच शकत नाहीत. रात्री तीन वाजता दमलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर असं काही सोडू नये.

जुन्या पंचवीस वॅटच्या बल्बला अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतून जाऊन-येऊन चाळीस मीटरमध्ये जवळपास पाच टक्के व्होल्टेज गमवावं लागे. तीन वॅटच्या एलईडीला ते नगण्य. पण एलईडीची दुसरी खोड आहे. स्वस्त दिव्यातल्या सर्किटमधून रेडिओत खरखर येते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये यावर सुरक्षा सूचनाच काढली होती. तपासायची रीत सोपी. रेडिओ एका शांत चॅनलवर लावायचा, स्क्वेल्च खरखर नुकती थांबेल इतकाच ठेवायचा आणि दिवा पेटवायचा. खरखर परत आली तर तो दिवा अँटेनाच्या शेजारी ठेवायचा नाही. डॉक्टरांनी आणलेला एक दिवा इथेच नापास झाला. दुसरा, महागडा, शांत राहिला.

मग वाऱ्याचा सेन्सर. त्याचा दांडा पुढच्या बाजूला, शिडांमुळे वळणाऱ्या वाऱ्यापासून जमेल तेवढा लांब. अँटेना मागच्या कडेला. वाट्या बोटाने फिरवल्या, खाली पडद्यावर आकडे हलले. माथ्यावर घारी आणि कावळे येऊन बसतात, दांडा वाकवतात. त्यासाठी प्लॅस्टिकचे दोन ताठ काटे लावले.

तीन

हायड्रा यायला वेळ आहे. मागच्या कठड्यावर डॉक्टरांनी न सांगताच मी एक दुसरी, छोटी अँटेना बसवली. कारण विचारलं तेव्हा सुहैलीची आठवण काढली. सुहैली मुंबईत बांधलेली सागवानी बोट. तिच्यावर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जग फिरून आला. त्याचा रेडिओ वाटेत बंद पडला आणि न्यूझीलंड सोडल्यावर महिनोन् महिने तो जिवंत आहे की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. सुहैलीच्या धर्तीवर गोव्यात थुरिया बांधली गेली. तिच्यावरून अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोटीच्या काठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. उपग्रहावरून जाणारे संदेश चालू राहिले, विमानांनी बोट शोधली आणि तिसऱ्या दिवशी ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. काठी मोडली की माथ्यावरची अँटेना तिच्याबरोबर पाण्यात जाते. मदतीला आलेलं जहाज नजरेच्या टप्प्यात असताना त्याच्याशी बोलायला काठीवर अवलंबून नसलेलं काहीतरी हवं.

पल्ल्याचा फरक पडतो, अर्थात. मोठ्या जहाजाची अँटेना पंचवीस मीटरवर धरली तर काठीवरून वीस सागरी मैल, कठड्यावरून चौदा. चौदाही पुष्कळ आहेत.

साडेतीन

पाणी भरलं. हायड्राचा पट्टा काठीला मध्याच्या थोडा वर, स्प्रेडरखाली घेतला, म्हणजे बुंधा जड राहून खाली येतो. पट्टा दिव्यावर किंवा तारेवर येत नाही ना, हे मी स्वतः हात फिरवून बघतो. माथ्याला एक दोर, बुंध्याला एक, चार माणसं. क्रेनवाल्याला खूण करणारा एकच माणूस असतो आणि बाकी सगळे गप्प. डॉक्टरांनी नारळ फोडला. काठी डेकवरच्या खोबणीत बसली, तिला ताणून धरणाऱ्या तारा बांधल्या, क्रेन मोकळी केली. पाऊण तासात झालं, आणि ते जितक्या कमी बोलण्यात झालं तितकं चांगलं.

पाच

डेकखालचे जोड. इथे प्रत्येक तारेला नावाची पट्टी लावली आणि पाण्याच्या थेंबासाठी पुन्हा वळसा दिला. टिनचा मुलामा दिलेली तांब्याची तार, क्रिंप, वर डिंकवाली आकुंचन नळी. तार आणि अँटेना यांची जुळणी मोजणारा एसडब्ल्यूआर मीटर १.३ दाखवतो. दीडच्या आत आहे, समाधान.

साडेसहा

अंधार पडल्यावर भाच्याला घेऊन छोट्या होडीतून बोटीभोवती फेरी मारली. अगदी नाकासमोर लाल आणि हिरवा दोन्ही. थोडं डावीउजवीकडे सरकलं की एकच. मागे आलं की पांढरा. डॉक्टर आत स्विच फिरवतायत, भाचा इथून ओरडून सांगतोय, "हिरवो दिसता! आता गेलो!"

आत आसपासची जहाजं दाखवणाऱ्या एआयएसच्या पडद्यावर मुरगावच्या नांगरवाड्यातली जहाजं एकामागून एक उमटली. रेडिओवर पलीकडच्या ओळखीच्या बोटीला हाक दिली, उत्तर स्वच्छ आलं. मग कठड्यावरच्या अँटेनावर तार बदलून पुन्हा एकदा.

शेवटचं काम कागदाचं. चार्ट-टेबलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पान चिकटवलं: कुठे कोणता स्क्रू, किती मापाचा पाना, कोणतं मलम, कुठली तार कुठून जाते, सेन्सर काढायचा तर आधी कुठला जोड सोडवायचा. पाण्यापासून अँटेनाच्या टोकापर्यंत उंची १७.४ मीटर, हे लाल शाईने, कारण पुलाखालून जाताना काठीबरोबर अँटेनाही मोजावी लागते. स्क्रू सोडवून, मलम बदलून परत बसवायचे: पुढच्या पावसाळ्याआधी. डॉक्टरांनी पान वाचलं आणि त्याचा फोटो काढून घेतला.